चार नगरसेवक अन् एक चेंबर: नागपुरात नगरसेवकाला नेमकं काम काय द्यायचं?

नरसाळा_रिंगरोड (धागाकर्ता)

महापालिकेची निवडणूक झाली, गुलाल उडाला, बॅनर अजून खांबावर लटकूनच आहेत. आता जरा थंड डोक्यानं एक विषय टाकून राहिलो, पक्षाचं भांडण इथे आणू नका, त्याच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुष्कळ आहेत.

मार्च २०२२ मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली. संविधानात (कलम २४३-यू) स्पष्ट आहे की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. पण ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा असं करत करत शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांत घ्या म्हटलं, तेही लांबलं, अन् मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे जवळजवळ चार वर्षं नागपूरला एकही नगरसेवक नव्हता. अन् शहर काही बंद पडलं नाही, कचरागाडी येत होती, नळ येत होते, टॅक्सची डिमांड तर न चुकता येत होती.

माझे दोन-तीन मित्र याच्यावरून म्हणतात की बघ, प्रशासक (सभागृहाच्या जागी एकटा आयुक्त) असला की कसं झ्याक चालते, नगरसेवक पाहिजेच कशाला. मला उलटं वाटते. चार वर्षं हे पद रिकामं असून आपल्याला फरक जाणवला नाही, कारण त्या पदात आधीच काही ठेवलेलं नव्हतं. २०११ च्या जनगणनेनुसार शहर २४ लाखांच्या वर, नगरसेवक १५१, प्रभाग ३८. चार-चार जणांचे प्रभाग, एकच तेवढा तिघांचा. म्हणजे एका प्रभागात साठ-पासष्ट हजार माणूस, अन् त्यांचे चार मालक. आमच्या गल्लीत चेंबरचं झाकण खचलं तर 'अ' जागेवाला म्हणते हे 'क' ताईंच्या भागात, 'क' ताईंचा माणूस म्हणते भाऊ तो पट्टा 'ड' वाल्यानं वाटून घेतला. कायद्यात असली वाटणी कुठेच नाही, चौघंही अख्ख्या प्रभागाचे आहेत, पण यांनी आपसात नकाशावर रेघा मारून घेतल्या आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. एक वॉर्ड एक नगरसेवक करा, अन् त्याला झाकण बदलायच्या कामातून मोकळं करून पैशावर आणि योजनेवर बोलायचा खरा अधिकार द्या. दोन्ही सोबत. नुसतं एक केलं तर काही होत नाही.

बर्डी_बाप्पा

प्रशासक होता तेव्हा निदान शिव्या द्यायला एकच माणूस होता राजे. आता १५१ झाले.

सिरियसली बोलतो. तुमच्या मित्रांशी मी सहमत. नगरसेवक आला की प्रत्येक फायलीत एक थांबा वाढते. रोडचं काम, लाइटचं काम, बोरवेल, ग्रीन जिम, सगळ्यात त्याचा माणूस ठेकेदार. ग्रीन जिम तर आमच्या बगिच्यात दोन वेळा बसवली, पहिली तुटायच्या आधीच दुसरी. आयएएस माणूस परीक्षा देऊन येते, तीन वर्षं राहते, चालला जाते, त्याला इथे कोणाचे प्लॉट सांभाळायचे नसतात. अधिकार वाढवायचे म्हणता तर आधी आहेत त्याचं काय केलं ते सांगा.

अंबाझरी_लेआऊट

बाप्पा, २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते का? चार-एक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर. आमच्याकडे खाटेच्या वर पाणी होतं, फ्रिज तरंगत होता, खालच्या मजल्यावरच्या आजींना पोरांनी उचलून जिन्यावर आणलं. लष्कराला बोलवावं लागलं शहरात.

तेव्हा फोन कोणाला करायचा हा प्रश्न पडला. हेल्पलाइन एंगेज. एक माजी नगरसेवक पहाटे चपला हातात घेऊन आले, दोर आणला, डबे वाटले, ते मान्य करते मी. पण ते माजी. त्यांना ना कोणत्या अधिकाऱ्याला हुकूम करता येत होता ना नंतर सभागृहात उठून विचारता येत होतं की सांडव्यासमोर बांधकाम कसं झालं, नाला अरुंद कोणी केला. कोणी विचारलं? हायकोर्टात नागरिकांनी याचिका केली तेव्हा विचारणं सुरू झालं. ज्या शहरात दीडशे लोकप्रतिनिधी असायला पाहिजे त्या शहरात नाल्याचा प्रश्न वकील लावून विचारायचा.

अन् त्या चार वर्षांचं बजेट बघा. आयुक्तच मांडणार, प्रशासक म्हणून स्थायी समितीही तेच, सभागृहही तेच, मंजुरीही तेच देणार. माणूस कितीही चांगला असो, त्या खोलीत 'नाही' म्हणायला दुसरं कोणी नव्हतं.

निवृत्त_जेई

मी नोकरी केली महापालिकेत, बांधकाम खात्यात, म्हणून फायलीचं थोडं सांगतो. लोकांना वाटतं नगरसेवकानं ठरवलं अन् रोड झाला.

नगरसेवक लेटरहेडवर पत्र देतो. ते झोनमध्ये येतं, कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन माप घेतो, एस्टिमेट करतो. मग उपअभियंता, कार्यकारी अभियंता, तांत्रिक मंजुरी. मग प्रशासकीय मंजुरी. मग वित्त विभागाचा शेरा की या हेडमध्ये पैसा आहे की नाही, अन् खरी फाइल तिथेच मरते. मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. या रांगेत नगरसेवकाचं नाव फक्त पहिल्या कागदावर आहे. पुढे कायद्यानं सगळा कारभार आयुक्तांचा, स्थायी समितीला ठराविक रकमेच्या वरचे ठेके तेवढे मंजूर करायचे असतात.

मग नगरसेवक काय करतो? फायलीच्या मागे मागे फिरतो. टेबल टेबल. अन् फिरायचंच असेल तर जो जास्त ओरडतो किंवा जो 'समजून घेतो' त्याची फाइल आधी निघते. बाप्पा म्हणतात तो थांबा असा तयार होतो. ई-टेंडरच्या मर्यादेखाली बसवायला एकाच रस्त्याचे तीन तुकडे केलेली एस्टिमेटं माझ्या टेबलावरून गेली आहेत. सही करायची नाही म्हटलं की मग बदली. तेव्हा चोरी कोणी केली याच्या आधी हे बघा की ज्याला अधिकार नाही त्याला वजन मात्र आहे, आणि वजनाचा हिशेब कोणत्याच ऑडिटमध्ये येत नाही.

सिमेंट रोडचं उदाहरण घ्या. नागपुरात कित्येक गल्ल्यांत रोड घराच्या जोत्याच्या वर गेला, पाऊस आला की पाणी घरात. जुना डांबरी रोड खरवडून लेव्हल खाली घ्यायला पाहिजे होती. नगरसेवकाला 'माझ्या वॉर्डात सिमेंट रोड' हा बोर्ड पाहिजे होता, ठेकेदाराला खोदायचं नव्हतं, लेव्हल कोणाच्याच पत्रात नव्हती.

मानेवाडा_ताई

काका तुमची पोस्ट प्रिंट काढून ठेवायसारखी आहे.

मला दुसरा मुद्दा मांडायचा. निम्म्या जागा बायकांच्या आहेत २०११ पासून. आमच्याकडे मागल्या टर्मला ताई होत्या निवडून आलेल्या, पण फोन उचलायचे भाऊजी. मीटिंगला भाऊजी. उद्घाटनाच्या पाटीवर ताईंचं नाव, कैची भाऊजींच्या हातात. लोक हसतात, 'झेरॉक्स नगरसेवक' म्हणतात. पण मी पाहिलं, दोन-तीन वर्षांत त्या ताई स्वतः बोलायला लागल्या होत्या, झोनच्या मीटिंगमध्ये अंगणवाडीच्या संडासाचा विषय त्यांनीच लावून धरला, भाऊजींना तर तो विषय माहीतही नव्हता. अन् मग टर्म संपली, नवीन सोडत निघाली, जागा दुसऱ्या प्रवर्गाला गेली, ताई घरी.

आरक्षणाच्या विरोधात नाही मी, गैरसमज नको. पण दर वेळी सोडत, दर वेळी प्रभागाची नवीन रेघ, मग नगरसेवकानं दहा वर्षांचा विचार करावा कशाला? तो पाच वर्षांत दिसेल तेवढंच करणार, गट्टू (पेव्हर ब्लॉक) अन् कमानी. निदान दोन टर्म तरी आरक्षण एका जागी राहू द्या.

५७२_वाला

तुम्ही लोक नशीबवान आहा, तुमच्या चौघांशी भांडून निदान काही निघते तरी. आम्ही गुंठेवारीवाले. ५७२ अन् १९०० ले-आऊट माहीत असतीलच, आधी अनधिकृत पडलेले अन् मग नियमित करायला घेतलेले. प्लॉटची आरएल (नियमितीकरण पत्र) घ्यायला एका हपिसात जा, नकाशा मंजुरीला कुठे, टॅक्स महापालिकेचा, अन् ले-आऊटमधला रोड अजून हस्तांतरित झाला नाही म्हणून लाइट कोणी लावायचे ते ठरायचं आहे. नगरसेवक हात वर करते, म्हणते भाऊ हे सुधार प्रन्यासमध्ये येते, माझं तिथे चालत नाही. खोटं बोलत नाही तो. खरंच चालत नाही.

नागपूर सुधार प्रन्यासचा, म्हणजे नासुप्रचा, कायदा १९३६ चा, इंग्रजांच्या काळचा. २०१७ ला त्याच्यावर एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आलं. मेट्रोची वेगळी कंपनी, स्मार्ट सिटीची वेगळी कंपनी. बरखास्त करणार बरखास्त करणार हे किती वर्षं ऐकून राहिलो. संविधानाच्या बाराव्या परिशिष्टात १८ विषय लिहून ठेवले आहेत नगरपालिकांसाठी, त्यात पहिलाच विषय नगररचना. अन् आमच्या इथे नगररचना निवडून न आलेल्या लोकांच्या हातात. हे परिशिष्ट आणणारी ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, तीस वर्षांच्या वर होऊन गेले.

इतवारी_काका

पोरहो, तुम्ही जे मागून राहिले ते नागपुरात एकदा होऊन गेलं. १९९८ ला मुंबई अन् नागपूर दोनच शहरांत मेयर-इन-कौन्सिल आणलं होतं. महापौर म्हणजे मुख्यमंत्र्यासारखा, त्याच्या हाताखाली नगरसेवकांचं छोटं मंत्रिमंडळ, खाती वाटलेली. देवेंद्र फडणवीस तेव्हा आपले महापौर होते, तेही त्या पदावर बसले. वर्षभरातच गुंडाळलं, १९९९ ला परत आयुक्त पद्धत. कोलकात्यात मात्र तीच पद्धत आजही चालू आहे, कोणाचं आकाश कोसळलं नाही.

गुंडाळलं काऊन? माझं मत विचाराल तर मुंबईला, म्हणजे मंत्रालयाला, शहरात दुसरा मुख्यमंत्री नको असते. पक्ष कोणताही असो. आमदारालाही नको असते. आमदाराला ५ कोटींचा निधी आहे, तो त्यातून गल्लीतले गट्टू बसवते, कारण पुढच्या वेळी गट्टूच दाखवायचे आहेत. मोठा नगरसेवक म्हणजे उद्याचा आमदारकीचा उमेदवार, मग कोण मोठा होऊ देईन त्याला.

महापौराची टर्म अडीच वर्षं, तीही सोडतीनं. गाऊन चढवला, फीत कापली, परदेशी पाहुण्याला हार घातला, उतरले.

बर्डी_बाप्पा

काका इतिहास बरोबर, पण जून २०२० विसरले का? तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे साहेब सुरेश भट सभागृहातून सभा सोडून निघून गेले होते. लोक कोणाच्या बाजूनं होते? मी तर मुंढेंच्याच. नगरसेवकाला अधिकार द्या म्हणणारे तेव्हा कुठे होते?

इतवारी_काका

तेव्हाही मी हेच म्हणत होतो बाप्पा. साहेब कामाचे होते, वक्तशीर होते, सगळं कबूल. पण जानेवारीत आले अन् ऑगस्टमध्ये बदली. बदली कोणी केली, तुम्ही की मी? ज्याला आपण आणलं नाही त्याला आपण ठेवू पण शकत नाही. तुमचा आवडता आयुक्त उद्या गेला तर तुमच्याजवळ काय राहते, एक फॉरवर्ड केलेला व्हिडिओ.

पॅनल_कार्यकर्ता

धागाकर्ते, एक वॉर्ड एक नगरसेवक वर माझा आक्षेप आहे. मी बूथवर काम करतो, मागल्या तीन निवडणुका जवळून पाहिल्या. आपल्याकडे सगळे प्रयोग झाले: २००२ ला तिघांचा प्रभाग, २००७ ला एकेक वॉर्ड, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. २०२१ ला कायद्यात तिघांचा केला, २०२२ ला परत चौघांचा. एका वॉर्डाचं २००७ मध्ये काय झालं ते आठवा. छोटा वॉर्ड म्हणजे दादागिरी सोपी, पैसा वाटणं सोपं, चार गल्ल्या हातात घेतल्या की झालं. मोठ्या प्रभागात पॅनलसोबत गरीब घरचा कार्यकर्ता, दलित वस्तीतली बाई पण निघून येते, एकट्यानं तिला कोणी तिकीट दिलं नसतं.

अन् लोकांना एक नगरसेवक नाही आवडला तर दुसऱ्याकडे जाता येते. एकच असला आणि तो पाच वर्षं तोंड फिरवून बसला तर?

नरसाळा_रिंगरोड (धागाकर्ता)

भाऊ, तुमचा शेवटचा मुद्दा वजनदार आहे, पण व्यवहारात उलटं होते. चौघं एकाच पक्षाचे आले तर दुसऱ्याकडे जाऊन काय, तो पहिल्याला विचारून सांगतो म्हणते. अन् चौघं वेगवेगळ्या पक्षाचे आले तर एकाचं पत्र दुसरा अडवते. पॅनलमध्ये लोक चार मतं देतात खरी, पण ईव्हीएमवर चिन्ह बघून चारही बटणं दाबतात, त्यातला तिसरा माणूस कोण आहे हे मतदाराला माहीत नसते. मग पाच वर्षांनी हिशेब मागायचा कोणाला?

दादागिरीचं मान्य. पण मुंबईत कित्येक वर्षांपासून एकच नगरसेवक प्रति वॉर्ड आहे, तिथे चालते तर इथे काऊन नाही? रचना ठरवताना सत्तेतल्या पक्षाला कोणता आकडा सोयीचा एवढंच पाहतात, म्हणून दर पाच वर्षांनी बदलते. मला वाटते हा आकडा कायद्यात एकदाचा बांधून टाकावा, सरकार बदललं तरी हलू नये.

तोंड फिरवून बसला तर, त्याच्यावर मध्य प्रदेशात एक उपाय होता, नगराध्यक्षासाठी. परत बोलावण्याचं मतदान, 'खाली कुर्सी भरी कुर्सी' म्हणतात. छिंदवाडा-सिवनीकडचे नातेवाईक असतील त्यांना विचारा. आपल्याकडे निवडून आला की पाच वर्षं पक्का, जात वैधता, तिसरं अपत्य असं काही अपात्रतेचं निघालं तरच जाते.

संत्रानगरी_२०२४

मी पहिल्यांदा मतदान केलं यावेळी. एक विचारायचं होतं, क्षेत्रसभा नावाचं काही आहे का? कॉलेजमध्ये वाचलं होतं, गावात ग्रामसभा तशी शहरात.

निवृत्त_जेई

आहे बेटा. कायद्यात आहे. केंद्राची शहरांसाठीची जेएनएनयूआरएम योजना होती, तिच्या पैशाची अट म्हणून २००९ मध्ये राज्यानं क्षेत्रसभेचं कलम टाकलं. पैसा आला, कलम पुस्तकात राहिलं. मी निवृत्त होईपर्यंत क्षेत्रसभेची नोटीस लागलेली पाहिली नाही.

झोनच्या प्रभाग समित्या मात्र आहेत, नागपुरात दहा झोन, दहा सभापती. त्यात सामाजिक संस्थांचे तीन सदस्य घ्यायचीही सोय आहे. सभापतीला गाडी मिळते म्हणून सभापतिपदासाठी रुसवे-फुगवे होतात, समितीच्या अजेंड्यासाठी कोणी रुसलेला पाहिला नाही. खरं म्हणजे सुधारणा करायची तर इथूनच सोपी आहे, कारण यासाठी मुंबईला जावं लागत नाही. झोनच्या समितीला ठरलेली रक्कम द्या, वॉर्डातले रस्ते, नाल्या, दिवे, बगीचे, शाळेची डागडुजी एवढं तिथेच संपवा. सभागृहात मग नदी, बस, पाणी, डम्पिंग यार्ड असे शहराचे विषय बोलायला वेळ उरेल. आता काय होतं, शहराच्या पाण्यावर चर्चा लागली की प्रत्येक जण उठून आपल्या गल्लीची गडर (गटार) लाइन सांगतो.

मानेवाडा_ताई

माझी नणंद केरळात राहते, ती सांगते तिकडे वॉर्डसभेत यादी बनते, कोणाला घरकुल, कोणता रस्ता आधी. केरळनं १९९६ ला योजनेच्या पैशातला ३५-४० टक्के भाग खालच्या संस्थांना देऊन टाकायचं ठरवलं, तेव्हापासून लोकांना सवय झाली. पैसा आहे म्हणून लोक सभेला येतात. आपल्याकडे सभा ठेवली तर नाश्ता आहे का विचारतील, अन् विचारणारच, ठरवायला काही नसलं तर यायचं कशाला.

पुण्यात पण नागरिक बजेटमध्ये कामं सुचवतात, बरीच वर्षं झाली त्याला. नागपुरात ते तरी करा.

बर्डी_बाप्पा

बरं चला, अर्धी माघार. झोनला पैसा द्या, मान्य. पण माझी अट. काम सुरू करायच्या आधी गल्लीच्या तोंडावर बोर्ड: रक्कम, ठेकेदार, लेव्हल किती, दोषदायित्व (खराब झालं तर ठेकेदारानं दुरुस्त करायची मुदत) किती वर्षं, अन् कोणत्या नगरसेवकाच्या पत्रावरून. मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात. काम झाल्यावर लावतात तो नाही, त्याच्यावर फक्त फोटो असतात.

अन् मानधन. २०१७ ला वाढवून नागपूरसाठी महिना २० हजार केलं होतं. वीस हजारात घर चालवून, ऑफिस चालवून, रोजचे लग्न-मयत-हळदीकुंकू करून माणूस इमानदार राहील ही अपेक्षा आपण ठेवतो. पगार नीट द्या, सोबत एक शिकलेला सहायक द्या जो बजेट वाचून दाखवील, अन् मग ठेकेदारी सापडली तर सरळ अपात्र करा.

पॅनल_कार्यकर्ता

सहायकाचा मुद्दा एकदम बरोबर. नवीन निवडून आलेल्यांना बजेटचं पुस्तक हातात देतात सभेच्या अगदी तोंडावर, एवढं जाड. लोक आपल्या प्रभागाचं पान शोधून मोकळे होतात.

५७२_वाला

सगळं ठीक, पण नासुप्रचं काय? झोनला पैसा दिला तरी आमचा रोड झोनच्या यादीतच नाही.

निवृत्त_जेई

तुमचा प्रश्न मंत्रालयातूनच सुटेल, ते खोटं सांगत नाही. पण तोवर एक करता येतं. तुमच्या प्रभागातले चौघं मिळून सभागृहात ठराव मांडू शकतात की हस्तांतरित न झालेल्या ले-आऊटची पूर्ण यादी पटलावर ठेवा, कोणत्या कारणानं अडकलं तेही. ठराव नोंदीत येतो, उत्तर द्यावं लागतं. नगरसेवकाच्या हातात आज जे थोडंफार आहे त्यात हे सगळ्यात धारदार, अन् सगळ्यात कमी वापरलं जातं, कारण ठरावाला कमान लावता येत नाही.

५७२_वाला

चौघांपैकी दोघांचे नंबर आहेत माझ्याजवळ. मसुदा तुम्ही करून देता का काका? भाषा सरकारी पाहिजे.

निवृत्त_जेई

देतो. तुमच्याकडे आरएलची प्रत अन् टॅक्स पावती कोणाकोणाची आहे ती यादी आधी बनवा, ले-आऊटनुसार, खसरा नंबर टाकून. नुसतं 'आमचा रोड करा' लिहिलं तर ते पत्र परत झोनच्या ढिगात जाईल.

नरसाळा_रिंगरोड (धागाकर्ता)

मसुदा झाला की इथेच टाका काका. आमच्या हुडकेश्वर-नरसाळ्यातही असे ले-आऊट आहेत, त्यांचीही यादी जोडून घेऊ. ताई, झोन समितीत संस्थांचे तीन सदस्य कसे नेमतात, अर्ज कोणाकडे, हे तुमच्या महिला मंडळातर्फे विचारून बघता का? बाप्पा, तुमच्या बोर्डाच्या मजकुराचा एक नमुना लिहा, शिव्या सोडून.